‘खाली’ या नोंदीबद्दल

“काविळीच्या साथीत सोसायटीच्या नव्या ॲपने दूषित पाण्याचा उगम अचूक दाखवला आणि त्यानुसार कार्यकारिणीने विनाविलंब व्हॉल्व्ह बंद केला. आरंभी एका ज्येष्ठ सदस्याने हाताने केलेल्या नोंदींत भाषेची चूक राहिल्यामुळे काही दिवस वाया गेले. तंत्रज्ञानाने ती चूक भरून काढली.”

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला निघालेल्या स्मरणिकेतला हा परिच्छेद आहे. मूळ हिंदीत आहे. मराठी मी केले आहे आणि करताना त्याची धार बोथट केलेली नाही, वाढवलेलीही नाही. त्यातला ‘एक ज्येष्ठ सदस्य’ म्हणजे मी. नाव छापले नाही ही मेहेरबानी समजायची असेल, तर ती मला नको आहे. या तीन वाक्यांत निखळ खरे एवढेच आहे की काही दिवस वाया गेले. ते कोणामुळे गेले आणि कोणामुळे वाचले, हे मी सांगतो.

माझी नोकरी लखनऊच्या मानक नगरात, रेल्वेच्या संशोधन संस्थेत झाली. धावत्या डब्याला रुळांवरून किती हादरे बसतात हे मोजण्याचे माझे काम होते. त्या कामाने मला एक सवय लावली: यंत्राने दिलेला आकडा खरा मानण्याआधी ते यंत्र कुठे बांधले आहे, हे गुडघ्यावर बसून पाहायचे. आकडा खोटा नसतो. पण तो भलत्याच जागेचा असू शकतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघे निशातगंजच्या पुढल्या या सोसायटीत आलो. सहा इमारती, प्रत्येकीला तळमजला आणि त्यावर दोन मजले. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर.

इथे पाणी दोन वाटांनी येते, आणि पुढचे सारे या दोन वाटांवर अवलंबून आहे. वरच्या दोन मजल्यांना गच्चीवरच्या टाकीचे पाणी मिळते. तळमजल्याच्या स्वयंपाकघरात मात्र मुख्य नळाचे पाणी टाकीत न चढता थेट येते. इकडे त्याला ‘सीधी लाइन’ म्हणतात. तळमजल्यावरच्या लोकांना या पाण्याचा मोठा अभिमान. ताजे, गार, साठवलेले नाही. पाहुणा आला की ते मुद्दाम सांगत, “लीजिए, सीधी लाइन का है।”

गेल्या वर्षी मे महिन्यात एकेकाचे डोळे पिवळे पडू लागले. निशातगंजच्या डॉक्टरांनी सांगितले की ही पाण्यातून होणारी कावीळ दिसते. कोण कोणते पाणी पितो ते शोधा. कार्यकारिणीजवळ नुकतेच एक ॲप आले होते. आमच्याच सोसायटीतल्या एका मराठी कुटुंबातल्या मुलीने ते केले होते. मुलगी हुशार, एका खाजगी कंपनीत याच कामावर, मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतून देते. प्रत्येक घराने आपली माहिती फोनवरून स्वतः भरावी, अशी योजना होती. ज्यांना बरे वाटत होते त्यांनी भरली. जे आजारी होते ते झोपून होते. आठवड्याच्या शेवटी ॲपच्या मते आमच्याइतकी निरोगी सोसायटी साऱ्या लखनऊत नसावी.

तेव्हा मी वही घेतली आणि दारोदार निघालो. मला कोणी सांगितले नव्हते, आणि कोणी अडवलेही नाही. घर क्रमांक, माणसे किती, ताप कोणाला, डोळे पिवळे कोणाचे, आणि शेवटच्या रकान्यात पिण्याचे पाणी कुठले. गच्चीच्या टाकीचे असेल तर ‘वर’, थेट नळाचे असेल तर ‘खाली’. दाराशी उभा राहून भरभर लिहिताना माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत लिहितो. मी साताऱ्याचा, बोलतो हिंदी, पण माझी पेन्सिल आजही मराठीच चालते.

पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर मलिहाबादकडचे एक कुटुंब राहते. गावाकडे त्यांची आंब्याची बाग आहे. त्या घरचा मुलगा काविळीने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या बायकोने दार उघडले. तिला सातवा महिना होता. बागेतल्या कैऱ्यांचे पन्हे, म्हणजे इकडचा पन्ना, तिने आग्रहाने प्यायला दिला. निघताना तिने विचारले, “अंकल जी, ये मुझे तो नहीं होगा?”

मी तडक डॉक्टरांकडे जाऊन विचारले. ते म्हणाले, गरोदरपणात ही कावीळ आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतू शकते. तिला खराब पाण्यापासून दूर ठेवा. मी म्हटले, “डॉक्टर साहब, ख़राब पानी कौन सा है?” ते म्हणाले, “वही तो आपकी कॉपी बताएगी।” त्या दिवसापासून माझ्यासाठी ती वही म्हणजे सोसायटीचे काम राहिले नाही. ती त्या एका प्रश्नाचे उत्तर झाली.

चौथ्या दिवशी वही पूर्ण झाली आणि मी ती सभेत नेली. मुलीने प्रत्येक पानाचे फोटो घेतले. त्यावरून ओळी ॲपमध्ये चढवायच्या, असे ठरले. आमचे सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी, अस्सल लखनवी; त्यांची थट्टाही अदबशीर असते. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली, चार पाने उलटली आणि म्हणाले, “हुज़ूर, ये हर दूसरे मकान के आगे ‘वर’ लिखा है। गिनती मरीज़ों की थी कि दूल्हों की?”

सभा खो खो हसली. एका बाईंनी विचारले, “भाई साहब, हमारी भांजी के लिए भी कोई देखा?”

मी खुलासा केला की मराठीत ‘वर’ म्हणजे ऊपर. पुन्हा हशा. मी वही काखेत मारली आणि चहाला न थांबता घरी आलो.

स्मरणिकेला जी चूक ठाऊक नाही ती इथे झाली, आणि ती माझीच आहे, म्हणून मीच नोंदवतो. ‘वर’ या शब्दाचा अर्थ त्यांना लागला नाही, म्हणून त्यांनी विचारला. ‘खाली’ या शब्दाचा अर्थ त्यांना लागला, म्हणून कोणी विचारला नाही. हिंदीत खाली म्हणजे रिकामे. आयुष्यभर मोजमाप केल्यानंतर मला तेव्हा कळायला हवे होते की न कळलेला शब्द फारसा घात करत नाही, तो आपणहून हात वर करून उभा राहतो. घात करतो तो कळलासा वाटणारा शब्द. पाच मिनिटे बसून मी ओळी वाचून दाखवल्या असत्या, तर ते उघड झाले असते. मी रागावलो होतो. माझी चूक भाषेची नव्हती, रागाची होती.

दोन दिवसांनी सूचना लागली: ॲपच्या विश्लेषणानुसार गच्चीवरच्या टाक्यांत दोष आहे, त्या रिकाम्या करून धुण्यात येतील, यादीतल्या घरांना पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या वाटल्या जातील.

सूचना वाचून मी चकित झालो. तळमजल्यावर रुग्ण अधिक आहेत हे मला फिरताना जाणवले होते. परंतु जाणवणे म्हणजे मोजणे नव्हे, हे वाक्य मी हाताखालच्या माणसांना वर्षानुवर्षे ऐकवत आलो होतो, आणि त्याच वाक्याने मी स्वतःला गप्प बसवले. शिवाय मनात दुसरे काहीतरी होतेच: यांनी माझी वही वाचली आणि बाजूला सारली, ठीक आहे, सारू द्या. बायकोने विचारले, “अहो, तुम्ही बेरीज करून पाहिलीत का?” मी म्हणालो, “बेरीज करायला त्यांच्याकडे यंत्र आहे.” तिने माझ्याकडे पाहिले आणि घरातले पाणी उकळायला ठेवले.

टाक्या दोन दिवस बंद राहिल्या. आता वरच्या मजल्यांनी पाणी कुठून आणावे? तळमजल्यावरून. शेजारधर्माला लखनऊ कधी कमी पडलेले नाही. तळमजल्यावरच्या लोकांनी दारे उघडी ठेवली, आणि वरचे लोक बादल्या, कळशा, थंड पाण्याच्या बाटल्या भरभरून वर नेऊ लागले. मी सज्जातून ते पाहत होतो. कागदावर घेतलेला एक निर्णय जिन्याच्या पायऱ्यांवर उलटा होऊन चढत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. मलिहाबादची ती सून दारात उभी. एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर, श्वास फुललेला. दोन जिने चढून आली होती. बसा म्हटले तरी बसेना.

“अंकल जी, आप ही आए थे न कॉपी लेकर?”

“जी हाँ, मैं ही आया था।”

“हमारे यहाँ पन्ना भी पिया था।”

“पिया था।”

“तो बताइए, हमारे घर के आगे लिखा क्या है आपने? तीन दिन से गोलियाँ बँट रही हैं, हमें कोई देता ही नहीं। कहते हैं लिस्ट में आपका मकान ख़ाली है।”

मी वही आणली, पान काढले आणि तिच्यासमोर धरले. माझ्या घोटीव अक्षरात, शेवटच्या रकान्यात, स्पष्ट लिहिले होते: खाली.

तिने वाचले. मग माझ्याकडे पाहिले. “पाँच जने हैं हम लोग, छठा रास्ते में है। किस हिसाब से ख़ाली?”

स्वयंपाकघरातून बायको हात पुसत आली, तिनेही पान पाहिले आणि कपाळावर हात मारला. “अहो, यांच्यात खाली म्हणजे रिकामं! इतकी वर्षं झाली इथं राहून. ‘नीचे’ लिहायला काय हात मोडला होता?”

त्या पाच-सात शब्दांत साऱ्या साथीचा उलगडा झाला. आमच्या फाटकावर चौकीदाराची एक नोंदवही असते. जे घर बंद असेल त्यापुढे तो ‘ख़ाली’ लिहितो. मुलीने ॲपला तोच नियम शिकवला होता: ज्या ओळीत ‘खाली’ असेल ते घर वगळ. यंत्राने नियम निष्ठेने पाळला. जे कोणी सीधी लाइनचे पाणी पीत होते ते सगळे, म्हणजे आख्खा तळमजला, आपल्या रुग्णांसह यादीतून नाहीसा झाला. उरले वरच्या मजल्यांवरचे दोन रुग्ण. त्या दोघांवरून टाकी दोषी ठरली.

सेक्रेटरींना तळमजल्यावर माणसे राहतात हे ठाऊक नव्हते काय, असे वाचक विचारतील. ठाऊक होते. रोज सकाळी त्यांचा त्यांच्याशी आदाब होत असे. अमक्याचा मुलगा आजारी आहे हेही त्यांना माहीत होते. परंतु जे पडद्यावर आहे ते मोजून झालेले आहे, आणि जे दारात उभे आहे ते त्यात आलेले असणारच, असे प्रत्येक जण धरून चालतो. मीही तेच धरून चाललो होतो. यादीत काय आहे हे सगळे पाहतात. यादीत कोण नाही, हे ज्याला गोळी मिळत नाही त्यालाच कळते.

बायकोने तिला खुर्चीत बसवले आणि उकळून गार केलेले पाणी दिले. आम्ही जेवणाच्या टेबलावर बेरीज मांडली. मी घर क्रमांक वाचत होतो आणि ती सून, माझ्या लेखी मुलगीच, कागदावर दोन रांगांत रेघा ओढत होती. ‘नीचे’ची रांग कागदाच्या कडेला भिडली. ‘ऊपर’च्या रांगेत दोन रेघा. त्या दोन घरांशी मी अडलो. नावे ऐकताच ती म्हणाली, “ये दोनों? ये तो रोज़ शाम को हमारे यहाँ बैठते हैं। पन्ना पीते हैं।” पन्ह्याला पाणी उकळत नाहीत. पन्हे मीही प्यालो होतो. मला काही झाले नाही, त्याचे श्रेय मी घेत नाही.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, “तो मैं इतने दिन से वही पानी पी रही हूँ।” तिच्या आवाजात माझ्यावर आरोप नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

मी तो कागद घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, मग फोन पाहिला. “जनाब, स्क्रीन तो कुछ और कह रही है।”

“तो स्क्रीन से कहिए, नीचे जाकर एक गिलास पानी पी ले।”

ते हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “चलिए।”

मराठी मंडळींच्या मेळाव्यात आता अशी कथा सांगतात की, काकांनी एकट्याने जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. तीही खोटी आहे आणि तिचाही मी इथेच निषेध करतो. माझ्या मनगटात तेवढा जोर उरलेला नाही. मागच्या गल्लीतला सीधी लाइनचा तो गंजलेला व्हॉल्व्ह फिरवला सेक्रेटरींनी, पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या सारून, तळहाताची साल निघेपर्यंत. बाहेर ऊन होते. कार्यकारिणीची सभा झाली नव्हती, ठराव झाला नव्हता, ॲपला कोणी काही विचारले नव्हते. तो माणूस त्या संध्याकाळी एका कागदावर विश्वास ठेवून वाकला होता. स्मरणिकेतला परिच्छेद त्याचाच; त्यात त्याने स्वतःच्याच या कृतीचे श्रेय यंत्राला का द्यावे, हे मला आजही उमगलेले नाही. कदाचित यंत्राचे ऐकले, हे म्हाताऱ्या शेजाऱ्याचे ऐकले यापेक्षा संस्थेला अधिक शोभत असेल.

दुसऱ्या दिवशी ॲपवाली मुलगी घरी आली. दारातच म्हणाली, “काका, मुझे पूछना चाहिए था।” मी म्हणालो, “मला बसायला हवे होते.” एवढ्यावर आमचे मिटले. तिने नियम काढून टाकला, वगळलेल्या ओळी चढवल्या, आणि ॲपचा तळमजला लालभडक झाला. ते दृश्य सर्वांनी पाहिले. त्याआधीचे कोणी पाहिले नव्हते. स्मरणिकेतला परिच्छेद या क्षणापासून सुरू होतो.

पुढचे आठवडे कठीण गेले. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही नवे रुग्ण निघत राहिले, आणि लोक म्हणू लागले की लाइनचा दोष नव्हताच. डॉक्टरांनी समजावले की आज दिसणारी कावीळ काही आठवड्यांपूर्वी प्यालेल्या पाण्याची असते. मग गल्ली खणली. सोसायटीच्या हद्दीतच आमची सीधी लाइन सांडपाण्याच्या नळीला लागून जात होती, आणि तिचा एक सांधा पार कुजलेला निघाला. तेव्हा बोलणी थांबली. मलिहाबादची सून दर आठवड्याला रक्त तपासून घ्यायला जाई आणि परत आल्यावर खालूनच हाक मारून सांगे, “अंकल जी, ठीक है!” मी तोवर सज्जात उभा असे. जुलैच्या अखेरीस तिला मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत.

मग हा वाद कशासाठी? कारण त्या परिच्छेदाच्या आधारे कार्यकारिणीने ठराव केला आहे: यापुढे दारोदार जाऊन नोंदी घेण्याची आवश्यकता नाही, सर्व माहिती ॲपवरून घेतली जाईल. इतिहास चुकीचा लिहिला की निर्णय चुकीचा होतो, एवढे साधे हे आहे. मी ॲपच्या विरोधात नाही. आयुष्य मी यंत्रांबरोबर काढले आहे. परंतु त्या वेळी यादीतली चूक यादीने पकडली नाही. जिला वगळले गेले ती स्वतः उठली, सातव्या महिन्यात दोन जिने चढली आणि ज्याने तिची नोंद केली होती त्या माणसाला जाब विचारायला आली. जाब विचारायला एक माणूस होता, म्हणून ती आली. पुढच्या वेळी ती कोणाची घंटा वाजवणार?

मागच्या आठवड्यात मी हे सेक्रेटरींना सांगितले. ते म्हणाले, “अमाँ, आप भी क्या पुरानी बात ले बैठे। ऐप ने दिखाया, हमने बंद किया। सबने देखा है।” मी वाद वाढवला नाही. ॲपवाल्या मुलीकडे गेलो. माझी वही मी तिला दाखवली नाही, कारण माझ्या वहीची साक्ष माझ्याच बाजूने धरली जाईल. मी तिला तिच्याच यंत्राबद्दल विचारले: कोणती ओळ केव्हा चढली, याची वेळ त्यात राहते का?

“हाँ काका, हर एंट्री का टाइम रहता है,” ती म्हणाली आणि तिने ते उघडून माझ्यापुढे ठेवले.

व्हॉल्व्ह बंद झाला संध्याकाळी. सीधी लाइनवरच्या पहिल्या रुग्णाची ओळ ॲपमध्ये चढली दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी.